खारूची पडण्याची उंची

६ जानेवारी

धाकटोबा,

फोनवर मी "कॅमेरा" म्हणाले आणि तू "किती नग?" असं विचारलंस, तेव्हाच मी फोन ठेवला. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

आपली खारू अकरा मार्चला नऊ वर्षांची होईल. तिला कॅमेरा हवा आहे. गळ्यात धोंडा बांधल्यासारखा मोठा नको. मुठीत मावेल, बटण दाबलं की फोटो निघेल आणि मागच्या काचेवर लगेच दिसेल, असा छोटा डिजिटल. माझा फोन वापर म्हटलं तर म्हणते, "फोटो काढताना तुला कुणाचा तरी फोन येतो आणि फोटोतलं माणूस निघून जातं." आणि तो तिला बाबांकडून नको, माझ्याकडून नको. मामाकडूनच हवा. का, ते तिलाच ठाऊक.

तर आता नीट वाच. दुकानात जायचं, एक कॅमेरा घ्यायचा (एक!), आणि तो घेऊन इथे यायचं. यायचं म्हणतेय, पाठवायचा म्हणत नाही. या घराचा जिना चढून तुला चार वर्षं झाली. खारूला तुझा चेहरा माझ्या लग्नातल्या फोटोपुरताच माहीत उरलाय, आणि त्यात तू शिंकतो आहेस.

ती स्कूटर डोक्यातून काढ बघू. तीन चाकांची स्कूटर तू आणलीस, दांडीचा बोल्ट तू आवळलास, तो निघाला, खारू पडली, तिच्या कोपराचं हाड मोडलं. एक्स-रे मीच काढला, दिवसभर दुसरं करते तरी काय मी. हाड सहा आठवड्यांत जुळलं. तू मात्र अजून प्लास्टरमध्येच आहेस.

वाट बघते.
ताई

१७ जानेवारी

ताई, नमस्कार.

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो, म्हणजे मी टाळाटाळ करतो असं म्हणू नकोस.

काउंटरवरचा पोरगा चुणचुणीत होता. मला म्हणाला, "किती मेगापिक्सेल हवेत?" मी म्हटलं, "ते तुमचं तुम्ही ठरवा. किती उंचीवरून पडला तर चालेल?" तो म्हणाला, "पाडायचा कशाला?" मी म्हटलं, "नऊ वर्षांची मुलगी आहे." "मग वॉरंटी घ्या." मी विचारलं, "वॉरंटी घेतल्यावर पडत नाही का?" यावर त्याने मालकाला बोलावलं.

तीन निवडले. चंदेरी बिस्किटाएवढा पातळ आहे, पण चालू केला की भिंग सोंडेसारखं बाहेर येतं. जे बाहेर येतं ते आधी मोडतं, हे मी बॅगांच्या दांड्यांवरून सांगतो. लाल रंगाच्याची मागची काच मोठी आणि फोटो स्वच्छ, पण बॅटरीचं झाकण उघडताना माझंच नख दुमडलं. पिवळा खास मुलांसाठी आहे: जाडजूड, भिंग आत, बटणं मोठी, पाण्यात बुडवला तरी चालतो म्हणे. खोक्यावर लिहिलंय, "दीड मीटरवरून पडला तरी सुरक्षित". कशावर पडला तरी? फरशीवर की गादीवर? ते लिहिलेलं नाही. असल्या खोक्यांवर विश्वास ठेवून जग चाललं आहे.

तुला आमची पद्धत माहीत आहे. बॅग बाजारात जाण्याआधी आम्ही कारखान्यात तिचे तीन नग घेतो. एक मोडायचा, एक सीलबंद करून कपाटात ठेवायचा, म्हणजे पुढे वाद झाला तर मूळ नमुना हाताशी असतो, आणि एक द्यायचा. एकोणीस वर्षं मी बॅगा मोडतोय. ज्या वस्तूचं मरण कुठे आहे ते मला ठाऊक नाही, ती मी पोरीच्या हातात देणार नाही. तर तीन प्रकार, प्रत्येकी तीन, असे नऊ कॅमेरे घेतले. पुन्हा फोन ठेवू नकोस. हे पत्र आहे.

माझं येणं मात्र अवघड दिसतं. मार्चमध्ये कामाचा डोंगर असतो आणि रजेचं नाव काढलं की आमचे साहेब अंगावर धावून येतात.

एक काम कर. आठवडाभर खारूच्या हातून काय काय पडतं त्याची नोंद ठेव. वस्तू, उंची सेंटिमीटरमध्ये, कशावर पडली, आणि हात ओला होता की कोरडा. त्याशिवाय चाचणी म्हणजे अंधारात दगड मारणं.

भाऊजींना नमस्कार.
धाकटा

३० जानेवारी

धाकटोबा,

तुला वेडा म्हणावं तर तू पगार घेतोस या वेडाचा. हात टेकले मी.

नोंद ठेवायचं काम तुझ्या भाऊजींना दिलं. घरात मोजपट्टी त्यांनाच सापडते. सोबत वही पाठवते. पण ती वाचून तुझा गोंधळ होणार, म्हणून सारांश सांगते. सोमवारी खारूने चमचा पाडला, पंच्याहत्तर सेंटिमीटरवरून, फरशीवर, हात कोरडा. मग खोडरबर, मग अर्धं केळं. मंगळवारी तिने काहीच पाडलं नाही, आणि "काही नाही" असं लिहिताना यांच्या हातून पट्टी पडली. ती उचलताना चष्मा पडला. माणूस प्रामाणिक, दोन्हींची नोंद केली. बुधवारी खारूने दप्तर टाकलं, पण टाकणं आणि पडणं वेगळं की एकच, यावर बापलेकीत अर्धा तास खल चालला आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. तेही वहीत आहे, "उंची लागू नाही" या शेऱ्यासह.

आठवड्याची बेरीज अशी: खारू अकरा, मी चार, हे सव्वीस. माझ्या चारांतलं एक मुद्दाम आहे. तुझं पत्र वाचून मी ताटली आपटली होती.

आता मुद्द्याचं बोलू. कॅमेरा नसला तरी चालेल. मी तिची समजूत काढीन. तू ये. तुझ्या साहेबांना पाहिजे तर मी पत्र लिहिते. माझ्या हातात रोज पन्नास जणांची मोडलेली हाडं असतात रे, कुठलंही घर त्यामुळे ओस पडत नाही. तू एका बोल्टवरून आमचं घर सोडलंस.

ताई

१० फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

वही फार मोलाची आहे. भाऊजींचे आभार मान. त्यांचे आकडे बघून मी पाडणीची उंची पंच्याहत्तरवरून एकशे पासष्टवर, म्हणजे त्यांच्या चष्म्यापर्यंत नेली. खारूच्या हातून कॅमेरा वाचेलही, पण घरात भाऊजी आहेत, हे विसरून चालणार नाही.

चंदेरी तिसऱ्या पाडणीत गेला. सोंड बाहेर आली ती आत जाईना. मेज पुसणाऱ्याला जीभ दाखवल्यासारखा दिवसभर पडून होता. लाल पाडण्यात टिकला, पण पावसाच्या खोलीत गारठून बंद पडला. ती खोली आमच्या पाऊसबाई सांभाळतात, म्हणजे छताच्या फवाऱ्यांखाली बॅगा भिजवण्याचं काम त्यांचं. त्या म्हणाल्या, "मुलगी रडकी आहे का? डोळ्याचं पाणी खारट असतं, त्याची चाचणी वेगळी." खारू रडते का गं? मला आठवत नाही. पिवळा सगळ्याला पुरून उरला आहे. आता तो लोखंडी बोटाखाली आहे. बॅगेचं कुलूप दहा हजार वेळा दाबणारं आमचं यंत्र आहे, ते रोज थोडा वेळ, दर काही सेकंदांनी त्याचं बटण दाबतंय.

पट्टीचा प्रश्न राहिला होता. कॅमेऱ्याची पट्टी गळ्यात असताना दाराच्या कडीत अडकली तर ती तुटली पाहिजे. नाही तुटली तर गळा. हे मला जेवताना सुचलं आणि जेवण तिथेच राहिलं. मग खारूच्या वजनाचं एक बाहुलं करून घेतलं, अस्तर शिवणाऱ्या बायकांकडून. आत सव्वीस किलो वाळू. तिचं वजन वहीच्या शेवटच्या पानावर भाऊजींनी न मागता लिहिलं होतं, म्हणून बरं झालं. डोकं, हात, पाय, सगळं आहे. चेहरा पाऊसबाईंनी काढला. कागदोपत्री नाव काहीतरी हवं म्हणून "खारू दोन" लिहिलं आहे.

पट्टी पहिल्याच झटक्यात तुटली, म्हणजे पास. खारू दोनला काहीही झालं नाही. तिला खाली फरशीवर ठेवलं होतं, ते मला बरं वाटेना, म्हणून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवली आहे. वाळूला थंडी वाजत नाही हे मला कळतं.

रजेचं साहेबांकडे पुन्हा काढलं. जमत नाही.

धाकटा

१९ फेब्रुवारी

मामा,

आईने तुझं पत्र फ्रिजवर लावलंय म्हणून मी वाचलं. माझी पडण्याची उंची तू आईबाबांना विचारलीस. मला का नाही विचारलीस? पडते कोण?

ही खरी माहिती. मी खुर्चीवरून दोनदा पडले आहे. पलंगावरून खूपदा, त्याला मोजमाप नाही. शाळेच्या भिंतीवरून एकदा, पण हे पत्र तू फ्रिजवर लावू नकोस. स्कूटरवरून एकदा. ते नुसतं पडणं नव्हतं, मी आधी उडाले आणि मग पडले. वर्गात मी ते सांगते तेव्हा दर वेळी उंची थोडी वाढते. आता दिव्याच्या खांबाएवढी झाली आहे. प्लास्टर सगळ्यांना हवं होतं पण माझ्या एकटीलाच मिळालं.

आता माझे प्रश्न. वाळूची मुलगी फोटो काढते का? ती दिसायला कशी आहे? तिचं नाव खारू दोन ठेवलंस तर मी खारू एक झाले ना, मग आधी विचारायला नको का? आणि ती तुझ्याशी बोलत नाही तर तू तिच्याशी काय बोलतोस?

मला कॅमेरा कशाला हवा ते सांगते, कारण कोणी विचारलंच नाही. दार उघडलं की आलेल्या माणसाचा एक चेहरा असतो. तो अर्धा सेकंदच असतो, मग ते लगेच "काय गं, कशी आहेस" चा चेहरा करतात. मला तो आधीचा पाहिजे. बाबांचा मला पाठ आहे, आईचा पण आहे, ती दमलेली असते. पेपरवाल्याचा आहे. तुझा नाही.

खारू (एक)

ता. क. मी रडकी नाही. तरी चाचणी कर.

७ मार्च

ताई, नमस्कार.

आनंदाची बातमी. पिवळा पास झाला! पाडणी, पाऊस, उष्ण कपाट, हादऱ्यांचं टेबल, पट्टी, दहा हजार दाबण्या, सगळ्यांत अव्वल. एकोणीस वर्षांत इतका गुणी नग मी पाहिला नाही. पाऊसबाईंनी त्याच्यावर मिठाचं पाणीही शिंपडून बघितलं, खारूने सांगितलं होतं म्हणून.

आता जे झालं ते शांतपणे वाच. आमच्याकडे पास झालेल्या नगाला भोक पाडतात. सगळा मार खाल्लेली बॅग बाहेरून नवीकोरी दिसते, ती कोणी नवी म्हणून विकू नये, म्हणून तो नियम आहे. शेवटच्या कागदावर "पास" असं लिहिलं, आनंदात उठलो, आणि हात सवयीने भोक पाडायच्या यंत्राकडे गेला. भिंगाच्या बरोबर मधोमध, आरपार. भोक एकदम स्वच्छ पडलं आहे, कडा मी घासून घेतल्या, बोट कापणार नाही.

तू म्हणशील, पिवळे तीन घेतले होतेस ना? दुसरा सीलबंद आहे. तो उघडला तर पुढे वाद झाल्यावर दाखवायचं काय? तिसरा आहे, नवा आहे, पण तो पास झालेला नाही. त्याला कोणी एकदासुद्धा पाडलेलं नाही. तो कसा असेल कोणी सांगावं? बोल्टही नवाच होता. आणि त्याची चाचणी घेतली तर पास झाल्यावर त्यालाही भोक पाडावं लागेल. मी यावर दोन दिवस विचार केला. सुटका नाही.

म्हणून पास झालेलाच पाठवतो आहे. तिच्या वाढदिवशी मिळेल. भोक सोडलं तर यात खोट काढून दाखव.

धाकटा

१३ मार्च

धाकटोबा,

पार्सल अकराला सकाळी आलं. खारूने खोकं उघडलं, कॅमेरा वर काढला, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "झूम कुठे आहे?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. दिवसभर तो गळ्यात घालून हिंडली. मैत्रिणी हसल्या तर म्हणाली, "मामाने पास केलाय." संध्याकाळी मला म्हणाली, "मामाला माझ्यासाठी पास झालेलाच हवा होता ना? मग ठीक आहे." नऊ वर्षांच्या पोरीने चाळिशीच्या घोड्याला सांभाळून घ्यावं, याची मला लाज वाटली. तुझी वाटली.

आता दुसरी गोष्ट. तू भिंगाला भोक पाडलंस, मेमरी कार्डाला नाही. ते आत तसंच होतं. तुझं लोखंडी बोट चाचणी संपेपर्यंत, चार-पाच दाबण्यांमागे एक, असे फोटो काढत होतं, हे तुझ्या लक्षात आलं नाही. दोन हजार एकशे चाळीस फोटो. सगळे एकाच जागेवरून: तुझं मेज, खिडकी, खुर्चीवर ते वाळूचं ध्यान, आणि मागे भिंतीवरचा फळा. काल सुट्टी होती. मी सगळे बघितले. एक्स-रे बघायची सवय आहे मला, कंटाळत नाही.

तुमच्या फळ्यावर रजांचा तक्ता आहे. तुझ्या नावापुढे शिल्लक एकशे चौदा दिवस. फोटो मोठा करून वाचलं. आणि तुझे ते अंगावर धावून येणारे साहेब! आठशे तेराव्या फोटोत ते रजेचा अर्ज घेऊन आले आहेत. पुढच्यात तुझ्यासमोर धरला आहे. तू मान हलवतोस. मग ते हात जोडतात, आई शपथ, चक्क हात जोडतात. आठशे एकविसाव्यात अर्ज मेजावर ठेवून ते डोकं धरून बसले आहेत. खोटं बोलायचं तर निदान फळा झाकून बोलावं.

फळ्यावर अकराला मालाची मोजणी लिहिली आहे, म्हणून पाच तारखेलाच खारू दोनचा वाढदिवस झाला, हेही कळलं. केक, टोपी, पाऊसबाई टाळ्या वाजवताहेत. केकवर नऊ मेणबत्त्या आहेत. त्या तू फुंकल्यास. तिला येत नाही म्हणून.

आणि एक फोटो आहे, बाराशे कितवा तरी. तू खाली बसून त्या पोत्याच्या बुटाची नाडी बांधतो आहेस. कोणी आसपास नाही. किती निगुतीने बांधतोस रे. माझ्या मुलीला अजून नाडी बांधता येत नाही. रोज सकाळी शाळेची घाई असते, मी खेकसत बांधते, आणि तिथे तिचा सख्खा मामा वाळूच्या पायात गाठी मारतो.

कळलं मला सगळं. ती पडली तरी तिला काही होत नाही, म्हणून तुला ती चालते. माझी पडेल, लागेल, रडेल. तीच खरी आहे, बाबा. दुसरी नाही मिळायची.

मी आता तुला ये म्हणणार नाही.
ताई

१९ मार्च

ताई,

साहेब चांगले आहेत. रजा आहे. मीच घेत नाही.

स्कूटर आणली त्या दिवशी मी बोल्ट हाताने आवळला, पाना घरी विसरलो होतो. म्हटलं, एवढ्याशा गाडीला काय होतंय. दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा तपासतो आणि आपल्या पोरीची गाडी अंदाजाने. ती पडताना मी तीन पावलांवर होतो आणि माझा पाय उचलला नाही. सगळ्यांना बोल्ट आठवतो. मला माझा पाय आठवतो. हे तुला कधी सांगितलं नाही. तिच्यासमोर मी पुन्हा उभा राहिलो आणि पुन्हा तेच झालं तर, या भीतीने मी येत नाही. कॅमेरा हे निमित्त होतं. नऊच्या जागी नव्वद घेतले असते तरी एकही पास झाला नसता, झाला तर मी भोक पाडलं असतं.

तुझं खरं आहे. मला भीती वाटते, एवढंच आहे ते सगळं.

धाकटा

२४ मार्च

मामा,

आई तुझं पत्र वाचून स्वयंपाकघरात गेली आणि खूप वेळ तिथे काहीच शिजत नव्हतं. पत्र या वेळी फ्रिजवर लावलं नाही, पण मला आईच्या उशीखाली सापडलं.

तू चार एप्रिलला ये. माझी परीक्षा संपते. तिसरा पिवळा आण, तो पास नसलेला. मी पण अजून पास नाही, निकाल पंधरा तारखेला आहे.

खारू

९ एप्रिल

ताई, नमस्कार.

सुखरूप पोचलो. पाऊसबाईंनी खारू दोनला अंगणात नेऊन मोकळी केली आहे, वाळू कुंड्यांना वापरली. मला विचारलं होतं. मी हो म्हणालो.

तुला एक कबुली द्यायची आहे. पाच तारखेला तू कामावरून आलीस तेव्हा खारूच्या कोपराला पट्टी होती आणि आम्ही दोघांनी दार लागलं म्हणून सांगितलं. ते साफ खोटं होतं. बेत तिचा होता, पण मी मोठा आहे, म्हणून मी सांगतो.

चारला मी आलो तेव्हा दार तिनेच उघडलं, हे तुला ठाऊक आहे. कॅमेरा माझ्या पिशवीत होता, म्हणून तिचा तो अर्ध्या सेकंदाचा फोटो हुकला. मग तिने मला परत जिन्यावर पाठवून पाच वेळा आत यायला लावलं आणि पाचही वेळा "खोटा चेहरा" म्हणून नापास केलं. एवढं तू बघितलंस. पुढचं दुसऱ्या दिवशीचं आहे. तू कामावर होतीस आणि भाऊजी फुटलेल्या कपांच्या जागी नवे आणायला गेले होते.

खारू म्हणाली, खाली जाऊन गल्लीचे फोटो काढू. ताई, ती तो कॅमेरा कसा धरून चालत होती ते तू बघायला हवं होतंस. दोन्ही हातांत, छातीशी, काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी. पायऱ्या बघत नव्हती, कॅमेरा बघत होती. मला म्हणाली, "हा पास नाहीये ना, म्हणून जपायचं." तीन महिने या घरात पडण्याशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि तो विषय मी आणला होता. मी "हळू" म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात, जिन्यातला मधला चौक चार पायऱ्यांवर असताना, तिचा पाय घसरला.

तिने हात टेकला नाही. दोन्ही हात वर केले, कॅमेरा डोक्यावर धरला आणि कोपरावर पडली. त्याच कोपरावर. या वेळी माझा पाय उचलला. मी पोचलो, पण ती तोवर पडून झाली होती. कोपरातून रक्त येत होतं आणि ती हसत मला म्हणाली, "मामा, वाचला!"

मी खाली पायरीवर बसलो. एकोणीस वर्षांत इतकी नापास झालेली वस्तू मी पाहिली नव्हती, आणि ती वस्तू म्हणजे मी होतो. पोरीला मी शिकवलं काय, तर स्वतः पड पण मामाची वस्तू वाचव.

बाटलीतल्या पाण्याने तिचं कोपर धुतलं, हाड चाचपलं, हात वाकवून बघितला. मग तिच्या हातून कॅमेरा घेतला, उभा राहिलो, खांद्याच्या उंचीवर धरला आणि सोडला. सरळ फरशीवर.

ती किंचाळली. कॅमेऱ्याच्या कोपऱ्याला पोचा पडला आणि मागच्या काचेला एक रेघ गेली. तिने वाकून रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का?"

मी म्हटलं, "आता तो पडलेला कॅमेरा आहे. आता त्याला जपायचं कारण नाही. पुढच्या वेळी पाय घसरला तर त्याला सोडायचं आणि हात टेकायचा. समजलं?"

तिने मान डोलावली. "मी पण एकदा पाडू?"

"पाड."

तिने पाडला. मग मी. मग पुन्हा ती. ताई, खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बघत होत्या आणि आम्ही आळीपाळीने वाढदिवसाची भेट जमिनीवर आपटत होतो. किती वेळा, ते मोजलं नाही. शेवटी तिने तो उचलला, चालू करून बघितला, माझ्याकडे रोखून एक फोटो काढला आणि म्हणाली, "चालतोय. चल लवकर, ऊन जाईल."

आणि ती उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत उतरली, कॅमेरा एका हातात लोंबकळत, दुसरा हात मोकळा. मी "हळू" म्हणालो नाही. तिच्यामागे तसाच धावत सुटलो, माझ्या चपला जिन्यातच राहिल्या. ती पडली नाही. पडली असती, तरी मी तिथे होतो.

कोपर एकदा तुझ्या डोळ्यांखालून घाल. मे महिन्यात येतोय. साहेबांना अर्ज दिला तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला मिठी मारली.

तुझा,
धाकटोबा